होंडा सिटी व्हीटेक : हेडरला पट्टी गुंडाळू, सिरॅमिक कोटिंग करू की आणखी काही?

व्हीटेक_सांगली

नमस्कार मंडळी. गाडी सिटी १.५ व्हीटेक, २००२ची. बीडाचा मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणारा ओतीव भाग, काढून हिवाळ्यात ४-२-१ हेडर (चार पाइप आधी दोनात, मग एकात मिळतात तो) बसवून घेतला. एस.एस. ३०४चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पाइप, आर्गन वेल्डिंग, काम देखणं झालंय. त्याच वेळी एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टरही लावला. वरचा सुसाट पिकअप बघून खूश होतो. होळी झाली आणि रडगाणं सुरू झालं.

सांगली-कोल्हापूर रोजचं जाणंयेणं. शिरोली सोडून तावडे हॉटेलच्या गर्दीत शिरलो की रेडिएटरचा फॅन थांबायचं नाव घेत नाही, एसी नुसता वारा मारतो आणि गाडी जड होते. फॅनचं प्लास्टिकचं कवच हेडरच्या बाजूनं फिकट पडून किंचित वाकलंय. बॉनेटला हात लावता येत नाही. वर आणखी एक त्रास : हातकणंगल्याला चहाला थांबलो की गाडी चालूच होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. थोडं थांबून, दारं उघडी टाकली की काही झालंच नाही अशी चालू होते. कूलंटचा काटा मात्र कायम अर्ध्याच्या खाली.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. हेडरवर धरला तर १९० अंश दाखवतो, म्हणजे फार नाही वाटत. मग एवढी झळ कुठनं येते?

मित्र म्हणतो ऑनलाइन काचतंतूची दोन इंची पट्टी मिळते, गुंडाळून टाक. दुसरा म्हणतो सिरॅमिक कोटिंग. आमचा मेकॅनिक म्हणतो जनरेटरच्या सायलेन्सरला गुंडाळतात ती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आणतो, फुकटात काम होईल. अधूनमधून आंबा घाटानं रत्नागिरीलाही जातो, पावसाळ्यातसुद्धा. काय करू?

पुणे_स्टेज_टाइम

बेधडक गुंडाळ. आमच्या रॅलीच्या एस्टीमला काळी बेसॉल्टची पट्टी होती, बॉनेटखालचा फरक हाताला कळायचा. काचतंतूची पांढरी स्वस्त असते पण साधारण ५५० अंशांच्या वर सलग तापली की ठिसूळ होऊन झडते. बेसॉल्टची घे. लोक तिला ‘टायटॅनियम’ म्हणून विकतात, तिच्यात टायटॅनियम धातूची तार वगैरे काही नसते. पाव इंच एकावर एक चढवत जायचं, एस.एस.च्या पट्ट्यांनी आवळायचं. पहिल्यांदा धूर येईल, घाबरू नको, तो आतल्या चिकट द्रव्याचा असतो.

शिरोलीचा_मेस्त्री

भावा, आधी ती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी परत पाठव. फुकट दिली तरी नको. जुनी माणसं वापरायची, त्यांच्या छातीत काय गेलं ते कुणी मोजलं नाही. त्याच्या तंतूंनी फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे आता कुणाला सांगायला नको.

आता तुझ्या गाडीकडं. तू तीन वेगळ्या तक्रारी एका हेडरच्या डोक्यावर घातल्यास. सुट्या करून बघू.

गरम असताना चालू न होणं. या जुन्या होंडांचा हा ठरलेला आजार आहे आणि त्याचं घर बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतंच. डॅशबोर्डच्या खाली पेट्रोल पंपाला करंट देणारा मेन रिले असतो. वर्षानुवर्षं तापून त्याच्या सर्किटवरच्या झाळकामाला, म्हणजे सोल्डरला, केसासारखी गोल भेग जाते. गाडी उन्हात उभी राहिली, केबिन तापलं की ती भेग उघडते. दारं उघडलीस, रिले निवला, गाडी चालू. तू स्वतःच लिहिलंयस की दारं उघडल्यावर चालू होते, मग बॉनेट कशाला बघतोस? पुढच्या वेळी चावी ‘ऑन’ला आणून कान दे. मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण यायला हवी. नाही आली तर रिले. टीव्ही दुरुस्तीवाला बारीक टोकाच्या सोल्डरिंगनं ते टाके परत मारून देतो, नाहीतर नवा टाक. गुणगुण आली आणि तरी पकडत नाही, तर प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतला इग्नायटर बघ. तोही तापल्यावर दगा देतो, आणि तो मात्र खरंच इंजिनाच्या झळेत असतो.

गाडी जड होणं. कोन फिल्टर उघड्यावर लावलायस ना? मग इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतंय. बाहेर ४० अंश आणि आत ६० अंश धरले तरी हवा साधारण ६ टक्के विरळ होते. गर्दीत तर आत ६०वर भागत नाही. हेडरनं जे कमावलंस ते फिल्टरनं घालवलं. जुना डबा माळ्यावर असेल तर काढ आणि फेंडरमधनं थंड हवा घेणारी त्याची नळी शाबूत आहे का बघ. लोक डबा ठेवतात आणि नळी भंगारात देतात. आवाजाची हौस असेल तर असू दे, पण मग जड होते म्हणून तक्रार नको.

आता राहिली झळ. ती हेडरचीच.

तुझा थर्मामीटर खोटं बोलतोय. ही बंदूक धातूचं तापमान मोजत नाही, त्याच्यावरनं निघणारी उष्ण किरणं मोजते आणि पृष्ठभाग काळा, खरबरीत आहे असं धरून आकडा काढते. चकचकीत एस.एस. किरणं फार कमी सोडतं, म्हणून आकडा खूप कमी येतो. हेडरवर रुपयाएवढा ठिपका काळ्या हीटप्रूफ रंगानं रंगव, वाळव, गाडी फिरवून आण आणि त्या ठिपक्यावर धर. दोन आकडे शेजारी शेजारी बघितलेस की डोळे उघडतील. पेट्रोल इंजिनाचा जाळ पूर्ण जोरात ८००-९०० अंशांपर्यंत जातो, पाइपची कातडी १९०वर कशी राहील?

आणि खरं सांगू का, हेडर किती तापला याच्याशी तुला काय घेणं? त्याच्या शेजाऱ्याला किती झळ लागते ते मोज. मल्टिमीटरला लावायची तापमान मोजणारी के-टाइपची वायर मिळते. तिचं टोक फॅनच्या कवचापाशी ठेव, एकदा फिल्टरच्या तोंडापाशी ठेव. गर्दीत एक फेरी मार आणि आकडे वहीत लिही. उद्या काहीही बसवलंस तर फरक पडला की नाही ते या वहीवरनं कळेल. हाताला लावून बघितलेला फरक मनाचा असतो.

सिटीत अडचण अशी आहे की एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, रेडिएटरच्या पाठीला पाठ लावून. रस्त्यावर वेगात असलास की रेडिएटरमधनं आलेला वारा हेडरला लागतो, सगळं ठीक. गाडी थांबली की वारा संपतो आणि हेडर फॅनच्या तोंडावर बसून आग ओकतो. मूळ बीडाच्या मॅनिफोल्डवर दाबून काढलेला पत्रा होता. तो कुठाय? हेडरवर बसत नाही म्हणून वेल्डरनं बाजूला टाकला असणार. तू मॅनिफोल्ड बदलला म्हणतोस, पण त्याच्यासोबत हीट शील्डही काढलंस. सगळी भानगड तिथनं सुरू आहे.

किरणांनी जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. ६०० अंशांचा पाइप ४०० अंशांच्या पाइपापेक्षा दीडपट नाही, जवळपास तिप्पट झळ फेकतो. पण ही किरणं सरळ रेषेत जातात, वळत नाहीत. मध्ये चकचकीत पत्रा आला की बरीचशी माघारी फिरतात. म्हणून माझ्या हिशेबात पहिला पत्रा.

पत्रा करून घ्यायचा तर अर्धा मिलीमीटर एस.एस. घे. अ‍ॅल्युमिनियम हलकं, वाकवायला सोपं, पण ते ६६० अंशांला वितळतं, पाइपाला टेकलं तर भोक पडलंच समज. पाइप आणि पत्रा यांत किमान ८-१० मिलीमीटर मोकळी जागा. वर आणि खाली उघडं ठेव म्हणजे मधली तापलेली हवा वर चढून निघून जाईल. आणि बोल्टाची भोकं गोल नको, लांबट कर. अर्धा मीटर एस.एस.ला ५०० अंश चढले की ते ४ मिलीमीटरच्या वर वाढतं. गोल भोकात आवळलंस तर पत्रा फाटेल, नाहीतर रात्रभर खडखडेल. आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याची धूळ पूस. मळलेला पत्रा किरणं परतवत नाही, स्वतःच तापून बसतो.

गुंडाळायचं का? रोजच्या गाडीला, आपल्या पावसात, माझं उत्तर नाही. कारण पुढच्या वेळी लिहितो, भट्टी चालू आहे.

पुणे_स्टेज_टाइम

मेस्त्री, आदर ठेवून सांगतो, आमच्या एस्टीमला काही झालं नाही. जगभर रेसवाले गुंडाळतात, ते काय वेडे आहेत?

रत्नागिरी_जिप्सी

मी मध्ये बोलतो. जिप्सीला एम.एस.चा, म्हणजे साध्या पोलादाचा हेडर होता, आधीच्या मालकानं नीट, सुबक पट्टी गुंडाळलेली. वरनं बघून कुणी म्हणालं नसतं की आत काही बिघडलंय. पावसात ओढ्याच्या पाण्यातनं, किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यातनं गाडी फिरायची. आवाज फाटायला लागला म्हणून पट्टी सोडली तर पाइपाचे पापुद्रे पट्टीबरोबर निघून आले. दुसऱ्या सिलेंडरच्या वळणावर बोट आत गेलं. बोटानं दाबलं तर बाजूची कडही तुटली. पट्टीखाली ओलसर तांबडा चिखल होता, म्हणजे गाडी रोज तापत असूनही आतली ओल पूर्ण जात नव्हती. किनारपट्टीवर राहणाऱ्यानं एम.एस.वर पट्टी गुंडाळू नये, एवढं ठाम सांगतो.

शिरोलीचा_मेस्त्री

रत्नागिरीकरांनी माझं अर्धं काम केलं. आता पुणेकरांना.

रेसवाले वेडे नाहीत. त्यांची गाडी स्पर्धा झाली की ट्रेलरवर चढते, शेडमध्ये उघडली जाते, हेडर हा त्यांच्या लेखी टायरसारखा खपणारा माल आहे. शिवाय पट्टीचं काम एवढंच की उष्णता पाइपाच्या आत कोंडायची. बाहेरच्या हवेला जायचं होतं ते धातूतच राहतं, म्हणून पट्टीखालचा पाइप उघड्या पाइपापेक्षा जास्त तापतो. हेडर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या पट्टी गुंडाळली तर वॉरंटी देत नाहीत, ते उगाच नाही.

३०४ला आणखी एक खोड आहे. साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात ते बराच काळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी झालं की तिथं गंज धरतो. एस.एस. गंजत नाही म्हणतात ते क्रोमियमच्या जिवावर. वेल्डिंगच्या कडेनं बारीक तडे जातात ते यातनंच. म्हणून जाणकार हेडरला ३२१ वापरतात, त्यात टायटॅनियम घातलेलं असतं आणि ते कार्बनला स्वतःकडं ओढून घेतं. पट्टी गुंडाळून तू ३०४ला नेमका याच तापमानात बसवतोस आणि वरनं ओल धरून ठेवतोस.

तिसरं, आणि मला सगळ्यात भीती याची वाटते. सिटीच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग जुनं झालं की पाझरतं. २००२ची गाडी म्हणजे ते रबर कडक झालेलं असणार. उघड्या पाइपावर थेंब पडला तर धूर होतो, वास येतो, माणसाला कळतं. पट्टीवर पडला तर समईच्या वातीसारखं तेल शोषलं जातं आणि कुणाला कळायच्या आत जाळ होतो. त्यामुळं गुंडाळ किंवा नको गुंडाळू, ते पॅकिंग आधी बदल. प्लगच्या नळीची रबरंही त्याच वेळी.

व्हीटेक_सांगली

काका, मनापासून धन्यवाद. चावी ऑन करून ऐकलं, हातकणंगल्यालाच. गुणगुण आली नाही! रिले काढला, काच लावून बघितला तर दोन पायांभोवती खरंच काळी गोल रेघ दिसते. टाके मारून घेतले, आता उन्हातसुद्धा चालू होते. कोन फिल्टर काढला, डबा मिळाला, नळी मिळाली नाही, शोधतोय. ठिपक्याचंही खरं निघालं. चकचकीत जागेवर २०० दाखवतो तिथं काळ्या ठिपक्यावर ४००च्या पुढं.

पत्रा करायला टाकतोय. पण कोटिंगचं राहिलं. एकानं फोनवर सिरॅमिक म्हणून बॉडीला चकाकी आणायच्या कोटिंगचा भाव सांगितला. आणि हार्डवेअरच्या दुकानातला चंदेरी हीटप्रूफ रंग चालेल का?

शिरोलीचा_मेस्त्री

तो चंदेरी रंग सिलिकॉनमध्ये अ‍ॅल्युमिनियमची भुकटी घालून करतात, ६०० अंशांपर्यंत तग धरतो. गंजापासून वाचवतो आणि चंदेरी असल्यामुळं झळही थोडी कमी फेकतो. पण त्याचा थर केसाएवढा. उष्णता अडवण्याची त्याच्यात ताकद नाही. एम.एस.वर लाव, एस.एस.वर लावून फार काही मिळायचं नाही.

खरं कोटिंग दोन जातीचं. एक फवारून भट्टीत भाजतात ते, सिरॅमिक आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून. चकचकीत चंदेरी असतं, साधारण ७०० अंशांपर्यंतचं काम. काळ्या रंगाचं त्याहून जास्त, ९००च्या वर सोसतं. आपल्या बिनटर्बोच्या सिटीला चंदेरी चालून जाईल, पण तू सतत घाटात दाबून चालवणारा असशील तर इंजिनातनं धूर बाहेर पडतो त्या पोर्टच्या तोंडाशी ते करपून राखाडी पडेल, म्हणून काळं बरं. दुसरं प्लाझ्मानं फवारलेलं झिर्कोनिया. ते खरं उष्णतारोधक, थर मिलीमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. विलायतेतली झिर्कोटेक ही कंपनी हेच करते, अणुऊर्जेच्या कामातनं आलेलं तंत्र. पुण्याकडं प्लाझ्मा फवारणारे आहेत, पण ते रोल आणि पंपाच्या दांड्यांचं काम करतात. वाकड्या पाइपांच्या मधल्या खाचांत बंदुकीचं तोंड पोचत नाही आणि नेमकी तिथं जागा कोरी राहते. एका हेडरसाठी त्यांच्या मागं लागू नको.

भाजायच्या कोटिंगला देताना विचारायचं ते एवढंच. आतनंही करणार का? बाहेरनं केलं की झळ कमी होते, आतनं केलं की पाइपाचा धातू वाचतो. दोन्ही केलं तर पैसे वसूल. ब्लास्टिंग, म्हणजे जोरात कण मारून सफाई, कशानं करणार? आधी लोखंड ब्लास्ट केलेली वाळू एस.एस.वर मारली तर लोखंडाचे कण रुतून तिथं तांबडे डाग येतात, ताजं अ‍ॅल्युमिना हवं. आणि हेडर वापरलेला आहे हे लपवू नको. पाइपात तेलाची काजळी राहिली तर भट्टीत ती बाहेर येते आणि कोटिंगला फोड येतात. आधी तापवून जाळून घेतलेलं बरं. फ्लँजचं (हेडर इंजिनाला आवळतात त्या जाड पाटीचं) तोंड आणि सेन्सरचे आटे झाकून द्यायला सांग. आट्यात कोटिंग गेलं की ऑक्सिजन सेन्सर बसवताना घाम फुटतो.

कोटिंग करून आणल्यावर पहिल्या दिवशी दामटू नको. गाडी उभी चालू ठेव, तापू दे, पूर्ण निवू दे, मग परत. आणि फ्लँजचे नट गार झाल्यावर पुन्हा आवळ.

पुणे_स्टेज_टाइम

मेस्त्री, मान्य. पण खालच्या पाइपाला, कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी, थोडी पट्टी चालेल ना? सेन्सरची वायर तिथनंच जाते.

शिरोलीचा_मेस्त्री

वायर हलव, पाइप कशाला गुंडाळतोस? वायरीला काचतंतूची चंदेरी स्लीव्ह घाल आणि क्लिप मारून दूर बांध. ज्याला झळ लागते त्याला झाकणं हे तापणाऱ्याला झाकण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि खालच्या पाइपाला पावसाचं पाणी थेट लागतं, तिथं तर पट्टी बिलकूल नको.

आणखी एक, कुणी बॉनेटच्या मागच्या बिजागरीला वॉशर घालून बॉनेट उचलायला सांगेल. गर्दीत उभं असताना गरम हवा तिथनं निघते, खरं आहे. पण वेगात काचेच्या बुडाशी हवेचा दाब जास्त असतो, तिथनं हवा बाहेर यायच्याऐवजी आत शिरते आणि खालनं निघणाऱ्या वाऱ्याला अडवते. शिवाय एसीच्या झरोक्यातनं इंजिनाचा वास केबिनमध्ये. त्यापेक्षा इंजिनाखालचं प्लास्टिकचं पान आहे का बघ. तेल बदलताना बरेच जण ते काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत. आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत हात घालून बघ, चिखल आणि किडे यांची गादी साचलेली असते. फॅन थांबत नाही याचं अर्धं कारण तिथंच सापडलं तर मला नवल वाटायचं नाही. टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टायमिंग लाइट लावून तपास, सर्व्हिस कनेक्टर जोडून पुलीच्या लाल खुणेवर. मागं पडलेल्या टायमिंगनं जाळ एक्झॉस्टमध्ये जास्त जातो, मग हेडरवर सोनं मढवलंस तरी उपयोग नाही.

व्हीटेक_सांगली

फटीत हात घातला. गादीच होती, वर पिंपळाची पानं. पाण्याचा जोर कमी ठेवून आतल्या बाजूनं धुतलं, फॅन आता अधूनमधून थांबतो. टायमिंग थोडं मागं होतं, पुढं घेतलं. कवचापाशी वायर बांधून तावडे हॉटेलच्या गर्दीत आकडा घेतला : ९८ अंश. हा पत्रा बसवण्याआधीचा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागवलंय, ते बदलून मग पत्रा चढवतो आणि त्याच जागी, त्याच वेळी परत मोजून आकडा इथं टाकतो. कोटिंगचं ते बघून ठरवू.

काका, पत्र्याला वरच्या बाजूनं बॉनेटकडं किती उतार ठेवू?

शिरोलीचा_मेस्त्री

उतार नको, वरची कड फॅनकडं न वाकवता इंजिनाकडं वाकव, म्हणजे वर चढलेली गरम हवा टॅपेट कव्हरवरनं मागं जाईल. मात्र प्लगच्या वायरी त्या वाटेत नाहीत ना ते पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून बघून घे.